जीन रिपोर्ट नॉर्मल आला, मग पोरीच्या हृदयात दोष कशामुळे?

पैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, गाव उमरखेडच्या पलीकडे. विज्ञान शिकवतो, पण सातवीपर्यंतचं. म्हणून इथल्या जाणकारांना त्रास देतोय.

माझ्या भाचीला टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो निघाला, म्हणजे हृदयाचा जन्मजात दोष. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं होतं. डॉक्टरबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला तो बराच वेळ काढलाच नाही, मग सोबतच्या डॉक्टरांना बोलावून ऐकवला. पुढे नागपूरला इको, आणि जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन. पोरगी आता अंगणभर धावते, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

भानगड पुढची आहे. कुणीतरी सुचवलं म्हणून जावईबापूंनी तूर विकून एक्झोम नावाची जनुक-तपासणी केली. रिपोर्टात काय, तर लक्षणांचं कारण ठरेल असा कोणताही बदल आढळला नाही. झालं! बहिणीच्या सासूबाईंना पुरावाच मिळाला. ‘जीन बिन सारं बरोबर आहे म्हणते नं मशीन? मंग हे ग्रहणाचंच व्हय. सांगत होतो, विळी हाती घेऊ नको म्हणून.’ बहीण ऐकून घेते आणि रात्री फोनवर रडते.

मी थोडंफार वाचलं. त्यात असं होतं की कधी कधी जनुक धडधाकट असतं, पण ते कुठल्या पेशीत, कधी आणि किती चालू व्हावं याची व्यवस्था बिघडते. ही व्यवस्था म्हणे डीएनए पेशीत कसा घड्या घालून ठेवलाय त्यावरही अवलंबून असते. हे खरं का? हृदयाशी याचा संबंध काय? आणि बहिणीला दुसरं मूल हवंय, तिला काय सांगू?

———

झाडीपट्टी_डॉक्टर

सर, आधी रिपोर्टातल्या त्या वाक्याचं पाहू. आपल्या जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं. प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,०००. त्या सगळ्यांचा प्रथिनाचा मजकूर एकत्र केला तरी २ टक्क्यांच्या आतच. एक्झोममध्ये वाचतात ते एवढंच. बाकीच्या ९८ टक्क्यांबद्दल हा रिपोर्ट अवाक्षर काढत नाही. त्यामुळे ‘सारं बरोबर आहे’ असं मशीन म्हणालेलंच नाही. जिथे पाहिलं तिथे आज ओळखू येईल असं काही दिसलं नाही, इतकाच त्याचा अर्थ.

आता माझे प्रश्न. बाविसाव्या गुणसूत्राची तपासणी वेगळी केली होती का? टेट्रॅलॉजीच्या दर शंभर मुलांपैकी दहा-पंधरांच्या या गुणसूत्राचा एक तुकडा गहाळ असतो, २२क्यू११ म्हणतात त्याला. एक्झोममधून असे तुकडे दर वेळी पकडले जातातच असं नाही. त्यासाठी फिश, एमएलपीए किंवा मायक्रोॲरे यांपैकी एक वेगळी तपासणी करावी लागते. पोरीचा आवाज नाकातून येतो का? लहानपणी दूध नाकावाटे बाहेर यायचं का? कॅल्शियम कधी तपासलं होतं?

———

मोर्शीची_आशा

सर, सासूबाईले एकच विचारा, ग्रहण कितव्या महिन्यात लागलं होतं? पोटातल्या लेकराचं हृदय बाविसाव्या दिवसाच्या आसपास धडकाले लागते, अन् आठ हप्त्यांत त्याचे चारही कप्पे, पडदे, नळ्या बनून तयार असतात. आमच्यापाशी बाई नाव नोंदवाले येते तवा बरेचदा दोन महिने उलटून गेले असतात. हृदयाचं काम आधीच होऊन गेलं असते. मंग सहाव्या-सातव्या महिन्यात विळी धरली काय अन् कोयता धरला काय.

आणखी एक सांगतो, इथं वाचणाऱ्यायच्या कामी येईन. माझ्या भागात एक पोट्टं होतं, अडीचेक वर्षाचं. खेळता खेळता मधातच उकिडवं बसे, गुडघे छातीशी घेऊन. दोन मिनिटं बसे अन् पुन्हा उठून खेळे. आजी म्हणे आळशी आहे. म्या त्याचे नखं पाहिले, तर जांभळाचा रस लागल्यासारखे निळे. तिथूनच त्याले पीएचसीत नेलं. टेट्रॅलॉजीच निघाला. असं बसणारं लेकरू दिसलं तर आळशी म्हणू नका, डॉक्टरले दाखवा.

———

झाडीपट्टी_डॉक्टर

मोर्शीच्या ताईंना +१. उकिडवं बसल्याने पायांकडे जाणाऱ्या रक्ताला विरोध वाढतो आणि फुप्फुसाकडे थोडं जास्त रक्त जातं. मुलाला हे कुणी शिकवत नाही, त्याचं त्यालाच सापडतं. अचानक निळं पडून मूल रडायला लागलं तर आईनेही त्याचे गुडघे छातीशी दाबून धरावेत आणि थेट दवाखाना गाठावा.

———

पैनगंगाकाठ

ग्रहण सातव्या महिन्यात होतं. आजच कळवतो. आवाज नाकातून येत नाही, कॅल्शियम ऑपरेशनच्या वेळी बरोबर होतं. २२क्यूची तपासणी मात्र कागदांत कुठे दिसत नाही.

———

उलटतपासणी

माफ करा, पण मला या सगळ्याचा उपयोग कळत नाही. पडद्याला भोक होतं, डॉक्टरांनी बुजवलं. जीन सापडलं असतं तर काय ऑपरेशन वेगळं झालं असतं? तालुक्याला सोनोग्राफी करायला डॉक्टर मिळत नाही आणि आपण इथे डीएनएच्या घड्यांच्या गप्पा मारतोय. जावयाची तूर गेली ती गेलीच.

———

देवरीकर

उलटतपासणी साहेब, आमच्या मुलाचं सांगतो, मग ठरवा.

त्याला जन्मानंतर दुसऱ्याच आठवड्यात झटके आले. जवळच्या एका दवाखान्यात मिरगी समजून औषध सुरू केलं. झटके थांबेनात. नागपूरला एका मॅडमनी कॅल्शियम पाहिलं, ते तळाला गेलेलं. त्यांनी लगेच हृदयाचा इको करायला लावला, आणि जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेऊन २२क्यूसाठी पाठवलं. हृदयदोष आणि २२क्यू, दोन्ही निघालं. ऑपरेशनच्या वेळी रक्तपेढीला मुद्दाम किरण दिलेलं रक्त मागितलं, कारण या मुलांची थायमस ग्रंथी नीट बनलेली नसते आणि साधं रक्त अंगावर उलटू शकतं. हे रिपोर्टशिवाय कुणाला सुचलं असतं?

मग आम्हा दोघांचंही रक्त तपासलं. दोघांतही नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात ‘कुणाकडून आलं’ हा विषय बंद झाला.

———

उलटतपासणी

मान्य. २२क्यूपुरतं मान्य. एक्झोमबद्दल माझं मत कायम आहे.

———

पिपेटवाली

माहेर हिंगणघाट, आता बाहेरच्या एका प्रयोगशाळेत नेमकं हेच काम करते, त्यामुळे राहवलं नाही. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात हृदयापासून न करता सिकलसेलपासून करते, कारण आपल्या विदर्भात तो शब्द सगळ्यांना माहीत आहे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. हा झाला मजकुरातला दोष. पण ही मुलं जन्मल्यावर पहिले काही महिने ठणठणीत असतात. का? कारण गर्भात वेगळं हिमोग्लोबिन चालू असतं, त्याचं जनुक वेगळं. जन्मानंतर ते हळूहळू बंद होतं आणि मोठ्यांचं चालू होतं. बंद झालेल्या जनुकातलं एकही अक्षर बदललेलं नसतं. बदलतं ते नियमन. बंद करण्यात मोठा हात बीसीएल११ए नावाच्या प्रथिनाचा. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलसाठी मंजूर झालेली जनुक-संपादनाची उपचारपद्धती हिमोग्लोबिनच्या जनुकाला हातच लावत नाही. ती बीसीएल११एच्या जनुकातला एक छोटा नियंत्रक तुकडा मोडते, जो फक्त रक्तपेशींच्या वाटेवर कामाला येतो. बाकी शरीरात बीसीएल११ए जसंच्या तसं चालू राहतं. गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं.

त्या नियंत्रक तुकड्याला एन्हान्सर म्हणतात. तो स्वतः प्रथिन बनवत नाही. अमुक पेशीत, अमुक वेळी अमुक जनुक जोरात चालवायचं, एवढंच त्याचं काम. एका जनुकाला असे अनेक एन्हान्सर असतात: हृदयासाठी वेगळा, हातासाठी वेगळा, डोळ्यासाठी वेगळा.

आता हृदयाकडे येते. टीबीएक्स५ हे बाराव्या गुणसूत्रावरचं जनुक. त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी होल्ट-ओरम सिंड्रोम होतो. अंगठा किंवा मनगटाकडचं हाड नीट बनत नाही आणि हृदयाच्या पडद्याला छिद्र असतं. १९९७ मध्ये हे कळलं. हात आणि हृदय दोन्ही, कारण ते प्रथिन दोन्हीकडे लागतं. बघा, एक प्रत शाबूत आहे, म्हणजे प्रथिन निम्मं तरी बनतंय, पण हृदयाला निम्म्यात भागत नाही. हृदय घडवणाऱ्या या मंडळींचं, म्हणजे टीबीएक्स५, गाटा४, एनकेएक्स२-५ यांचं, मापच फार काटेकोर आहे. ही प्रथिनं एकमेकांच्या जोडीने डीएनएवर बसतात आणि शेकडो इतर जनुकं चालू-बंद करतात. एकाचं प्रमाण घसरलं की पुढचा सगळा हिशेब हलतो.

२०१२ मध्ये याच टीबीएक्स५ची एक विलक्षण केस प्रसिद्ध झाली. रुग्णाच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, हात मात्र अगदी व्यवस्थित. टीबीएक्स५चा मजकूर निर्दोष. बदल सापडला तो जनुकापासून सुमारे ९०,००० अक्षरं दूर, एका एन्हान्सरमध्ये, तोही दोन्ही प्रतींत. तो एन्हान्सर उंदराच्या आणि झेब्राफिश माशाच्या गर्भात घालून पाहिला, तर मूळ रूप हृदयात जनुक चालू करत होतं आणि बदललेलं रूप करत नव्हतं. हाताचा एन्हान्सर वेगळा असल्यामुळे हात वाचले. सर, या रुग्णाचं एक्झोम केलं असतं तर तुमच्या भाचीसारखाच रिपोर्ट आला असता.

भाचीच्या बाबतीत असंच झालंय असं मी म्हणत नाही. ते कुणालाच इथून सांगता येणार नाही. पण रिपोर्ट कोरा आणि कारण मात्र डीएनएत, हे शक्य आहे.

घड्यांचं जेवणानंतर लिहिते.

———

बॅकबेंचर

वाचतोय. सिकलसेलवरून हृदयावर उडी जबरदस्त.

———

मोर्शीची_आशा

ताई, मले सिकलसेलचं आजवर असं कोणी सांगतलं नव्हतं. जन्मल्या जन्मल्या लेकरू चांगलं असते अन् मंग दुखणं सुरू होते, ते काऊन, हे आत्ता समजलं.

———

पिपेटवाली

तर घड्या. एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर साधारण दोन मीटर भरतो, आणि ज्या केंद्रकात तो राहतो ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान. हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती तो गुंडाळलेला असतो, दर वेळी १४७ अक्षरं. गुंडाळी घट्ट असली की तिथलं जनुक वाचलं जात नाही, सैल असली की वाचलं जातं. सैल की घट्ट हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा हिस्टोनवर लावणारी, पुसणारी आणि वाचणारी प्रथिनं असतात. त्यांची स्वतःची जनुकं आहेत, आणि तीही बिघडतात.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गंभीर हृदयदोष असलेली ३६२ मुलं आणि त्यांचे आईवडील यांचे एक्झोम ताडून पाहिले. आईत नाही, बापात नाही, मुलात नव्याने आलेले बदल शोधले. ते सर्वात ठळकपणे कुठे जमा झाले होते, तर या खुणा सांभाळणाऱ्या जनुकांत. हृदयाचा स्नायू किंवा झडप बनवणारी ही जनुकं नव्हेत, दुसऱ्यांचं काम कधी सुरू व्हावं हे ठरवणारी. अशा नव्या बदलांचा वाटा गंभीर दोषांमध्ये सुमारे १० टक्के असावा, असा त्यांचा अंदाज होता. नव्याने आलेले बदल म्हणजे आईच्या खाण्यापिण्याचा, वागण्याचा, विळीचा त्यात काही हात नाही. बीजांड किंवा शुक्राणू बनताना अक्षरं उतरवण्यात झालेल्या चुका त्या. प्रत्येक माणसात अशा काही डझन असतात, तुमच्याआमच्यातही. बहुतेक निरुपद्रवी जागी पडतात.

२०१५ मध्ये मोठ्या गटावर तेच काम झालं. ज्या मुलांना हृदयदोषासोबत वाढीच्या किंवा बुद्धीच्या अडचणी आणि इतर अवयवांतही दोष होते, त्यांच्यात अशा नव्या बदलांचा वाटा सुमारे २० टक्के निघाला. फक्त हृदयदोष असलेल्यांत तो २ टक्केच. सर, तुमची भाची दुसऱ्या गटातली वाटते. म्हणजे तिच्या एक्झोममध्ये काही न सापडणं हेच अपेक्षित होतं. तपासणी करण्याआधी हे जावईबापूंना कुणीतरी सांगायला हवं होतं. पैसे घेण्याआधी समुपदेशन व्हावं, हा माझा जुना राग आहे.

आता घड्यांची मोठी पातळी. ९०,००० अक्षरं दूर बसलेला एन्हान्सर जनुकापर्यंत पोचतो कसा? डीएनए वळसा घेतो आणि दोघं शेजारी येतात. मग तो मधल्या दुसऱ्या एखाद्या जनुकाला का चिकटत नाही? २०१२ मध्ये कळलं की गुणसूत्रांचे वेगवेगळे वाफे असतात, टॅड म्हणतात त्यांना. एका टॅडमधले एन्हान्सर आणि जनुकं आपसांत जास्त भेटतात, शेजारच्या टॅडमध्ये कमी जातात. आपल्याकडे शेताला धुरा, म्हणजे बांध, असतो तसं समजा. धुरा आहे तोवर तुमच्या मोटारीचं पाणी तुमच्याच सरीत. मध्येच धुरा फुटला, की मोटार तीच, पाणी तेच, पण भिजते शेजाऱ्याची पऱ्हाटी आणि तुमची वाळते. २०१५ मध्ये बोटांच्या दोषांत हे माणसांमध्ये दाखवलं गेलं. ईपीएचए४ नावाच्या जनुकाजवळची सीमा गळून पडली आणि त्याचे एन्हान्सर शेजारच्या पीएएक्स३ला चालवू लागले. त्या घरांत बोटं आखूड होती. जनुकांच्या मजकुरात खोट नव्हती.

———

बॅकबेंचर

धुऱ्याचं पटलं, पण एक शंका. आमच्या धुऱ्यावर बाभळी उगवल्यात, पन्नास वर्षं हललेला नाही. डीएनएची सीमा अशी कायमची असते का? आणि मी कुठेतरी वाचलं की या सीमा काढून टाकल्या तरी फारसं काही बिघडत नाही. मग खरं काय?

———

पिपेटवाली

छान पकडलंत. कायमची नसते. कोहेसिन नावाचं कड्यासारखं प्रथिन डीएनए ओढत वळसा मोठा करत जातं, आणि सीटीसीएफ नावाचं प्रथिन जिथे ठरावीक दिशेने बसलेलं असतं तिथे अडतं. हे सतत चालू असतं. वळसे बनतात, सुटतात, पुन्हा बनतात. त्यामुळे धुऱ्याची तुलना इथवरच, पुढे ताणू नका.

तुमचं वाचलेलंही बरोबर आहे. २०१७ मध्ये पेशींतून कोहेसिन झटपट काढून पाहिलं, वळसे नाहीसे झाले आणि तरीही बहुतेक जनुकं थोड्या फरकाने चालूच राहिली. त्यावरून आमच्या क्षेत्रात अजून भांडणं चालतात. माझं मत असं की आधीच घडलेली पेशी काही तास तग धरते, पण गर्भात जेव्हा नवी ओळख ठरवायची असते तेव्हा हिशेब वेगळा असतो. उंदराच्या गर्भात हृदयाच्या पेशींतून सीटीसीएफ काढलं, तर हृदय नीट बनत नाही आणि गर्भ दगावतो.

माणसांतला पुरावा म्हणजे कॉर्नेलिया डी लँग सिंड्रोम. यात बहुतेक वेळा कोहेसिनला डीएनएवर चढवणारं एनआयपीबीएल हे जनुक बिघडलेलं असतं. दोन प्रतींपैकी एकच. जुळलेल्या भुवया, खुंटलेली वाढ, हाताचे दोष, आणि या मुलांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त जणांना हृदयदोष. तिथे एखादंच जनुक पूर्ण बंद पडलेलं नसतं. शेकडो जनुकं थोडी थोडी इकडेतिकडे सरकलेली असतात. त्या थोड्या थोड्याची बेरीज हृदयाला सोसत नाही.

———

देवरीकर

ताई, २२क्यूमध्ये तुकडा नेमका तिथेच का गळतो? डॉक्टरांनी सांगितलं ‘तिथली रचनाच तशी आहे’, पुढे गर्दी होती, विचारलं नाही.

———

पिपेटवाली

बरोबर सांगितलं त्यांनी. बाविसाव्या गुणसूत्राच्या त्या भागात सारखेच दिसणारे लांब लांब मजकूर अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा आलेत. बीजांड किंवा शुक्राणू बनताना जोडीची गुणसूत्रं एकमेकांशी जुळवून काही भागांची अदलाबदल होते. सारखे मजकूर जवळ असल्यामुळे जुळवणी चुकीच्या जागी होते आणि मधला साधारण ३० लाख अक्षरांचा तुकडा गळतो. त्यात चाळीसेक जनुकं जातात, हृदयाच्या दृष्टीने मुख्य टीबीएक्स१. म्हणजे हा सापळा माणसाच्या जीनोमच्या मांडणीतच आहे, सगळ्यांच्या. म्हणून तर दहापैकी नऊ वेळा तो आईवडिलांत नसतो, नव्यानेच येतो. तुमच्याकडे तसंच झालं.

———

उलटतपासणी

बरं, मग हे सांगा. डाऊन सिंड्रोममध्ये सगळ्यांकडे एकविसावं गुणसूत्र तीन प्रतींत असतं. आमच्या गल्लीतल्या एकाला हृदयाचं काही नाही, दुसऱ्याचं ऑपरेशन झालं. तुमची जनुकं एवढी पक्की असतील तर हा फरक का?

———

पिपेटवाली

जनुकं पक्की आहेत असं मी कुठे म्हटलं? डाऊनमध्ये निम्म्याच्या जवळपास मुलांना हृदयदोष असतो आणि निम्म्यांना नसतो, हे खरंच आहे. तिसऱ्या प्रतीमुळे माप बिघडतं. पण ते दोषापर्यंत पोचेल की नाही हे बाकीच्या जीनोमवर, आईच्या रक्तातल्या साखरेवर आणि बऱ्याचदा निव्वळ योगायोगावर ठरतं. पडदे जुळण्याचा काळ मोजक्या दिवसांचा. दोन कडा वेळेत भिडल्या तर मूल सुटलं, थोड्या मागे राहिल्या तर छिद्र. एकाच बदलाने एका घरात बापाला काहीच नाही आणि मुलीला छिद्र, असंही होतं. म्हणून कुणी ‘हे जीन सापडलं, हाच रोग होणार’ असं छातीठोक सांगितलं, तर तुमच्यासारखीच उलटतपासणी घ्यावी.

———

उलटतपासणी

हे आवडलं :)

———

पैनगंगाकाठ

पिपेटवाली ताई, देवरीकर, आशाताई, डॉक्टरसाहेब, सगळ्यांचे आभार. काल बहिणीच्या घरी गेलो होतो. सासूबाईंना आशाताईंचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, ‘सातव्या महिन्यात हृदय बनत नाही? मंग काय बनते?’ मी म्हटलं, वाढतं. त्यावर त्या बराच वेळ तूर निवडत बसल्या, मग म्हणाल्या, ‘माह्या नंदेचंही एक पोट्टं निळं पडून गेलं होतं.’ हे आजवर घरात कुणाला माहीत नव्हतं.

डॉक्टर, याने काही फरक पडतो का? नणंद म्हणजे जावयांची आत्या. आणि दुसऱ्या बाळाचं राहिलंच.

———

झाडीपट्टी_डॉक्टर

फरक पडतो, पण एकट्या माहितीवर निष्कर्ष काढू नका. निळं पडून दगावण्याची कारणं अनेक. मात्र घराण्याचा तक्ता काढताना हे नोंदवाच. नात्यात लग्नं झालीत का, तेही लिहा. आपल्याकडे आत्या-मामाची मुलं देतात-घेतात. अशा लग्नांत एकच लपलेला बदल दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. वरच्या त्या टीबीएक्स५च्या रुग्णातही बदल दोन्ही प्रतींत होता, आठवा.

सर्वसाधारण हिशेब असा: हृदयदोष दर शंभर जन्मांमागे एकाच्या आसपास. एका भावंडाला असेल आणि कारण सापडलेलं नसेल, तर पुढच्याला होण्याची शक्यता साधारण २ ते ५ टक्के. म्हणजे शंभरपैकी पंचाण्णवहून अधिक वेळा बाळाचं हृदय ठीकच असतं. पण २२क्यू आईवडिलांपैकी एकात निघालं, तर तो गहाळ तुकडा पुढच्या बाळात उतरण्याची शक्यता थेट ५० टक्के असते. म्हणून भाचीची ती तपासणी दुसऱ्या बाळाच्या आधी करा.

बहिणीने गर्भ राहण्याच्या आधीपासून फोलिक ॲसिड सुरू करावं. पाठीच्या कण्याचे दोष त्याने नक्की कमी होतात. हृदयाबाबत पुरावा तितका भक्कम नाही, तरी गोळी स्वस्त आणि निर्धोक आहे. साखर आधीच तपासून घ्यावी. पहिल्या दोन महिन्यांत साखर वाढलेली असेल तर हृदयदोषाचा धोका वाढतो, आणि आपल्याकडे तपासणी होते ती बहुतेक त्यानंतर. रुबेलाची लस झालेली नसेल तर गर्भ राहण्यापूर्वी महिनाभर तरी आधी घ्यावी, गर्भ राहिल्यावर चालत नाही. मिरगीचं औषध चालू असेल, विशेषतः व्हॅल्प्रोएट, तर आपल्या मनाने बंद न करता आधी डॉक्टरांना भेटावं. आणि १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाचा इको करून घ्यावा. साध्या सोनोग्राफीवर भागवू नका, ‘फिटल इको’ असं चिठ्ठीवर लिहून घ्या.

जमलं तर बहीण आणि जावई दोघांचा ईसीजी आणि इको काढा. एनकेएक्स२-५ जनुक बिघडलेल्या घरांत एखाद्याला लहानसं छिद्र असतं किंवा हृदयाचा ठोका मध्येच अडतो, आणि त्याला स्वतःला पत्ताच नसतो.

———

मोर्शीची_आशा

साखरेचं मी माह्या यादीतल्या नवीन लग्न झालेल्या साऱ्या बायांले सांगतो आता. नोंदणीची वाट नाही पाहत.

———

बॅकबेंचर

शेवटचा प्रश्न. एक्झोमवर पैसे गेलेच आहेत. आता संपूर्ण जीनोम करावा का?

———

पिपेटवाली

माझ्या मते आत्ता नको. जीनोम वाचणं जमतं, अर्थ लावणं जमत नाही. २०२० मध्ये हृदयदोष असलेल्या मुलांच्या ७४९ कुटुंबांचे संपूर्ण जीनोम तपासले. नियंत्रक भागांतले नवे बदल आजारी मुलांत जास्त आढळले खरे, पण एका विशिष्ट मुलाकडे बोट दाखवून ‘तुझ्या हृदयाचं कारण हेच अक्षर’ म्हणणं फार थोड्या वेळा जमतं. त्यातून जगभरच्या माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचे जीनोम जास्त. आपल्याकडच्या १०,००० लोकांचे जीनोम आता उपलब्ध झालेत, त्याने फरक पडेल. एखादा बदल गोंड, कोलाम किंवा कुणबी घरांत सर्रास असतो की खरोखर दुर्मीळ आहे, हे माहीत नसताना त्याला रोगाचं कारण ठरवणं धोक्याचं.

त्यापेक्षा सर, प्रयोगशाळेकडून एक्झोमचा कच्चा डेटा मागून घ्या. रिपोर्टची पीडीएफ नव्हे. फास्टक्यू किंवा बॅम फाइल असं लेखी विचारा, पेनड्राइव्हवर किंवा लिंकने देतात. दोन-तीन वर्षांनी तोच डेटा पुन्हा तपासायला सांगा. नवी जनुकं दर वर्षी यादीत येतात, त्यामुळे आज कोरा असलेला रिपोर्ट तेव्हा कोरा राहीलच असं नाही, आणि रक्तही पुन्हा द्यावं लागत नाही. काही ठिकाणी लिंक थोड्याच दिवसांत बंद होते, तेव्हा या आठवड्यातच मेल टाका. मेलचा मजकूर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लिहून देते.